१७ सप्टेंबरपर्यंत हिशेब द्या

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि बिडकीनचे कारखानदार; एमआयडीसी आणि ऑरिक या औद्योगिक शहराचे अधिकारी; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय; महापालिका आयुक्त; आणि या सगळ्यांच्या बैठका घेणारे पालकमंत्री, हे जाहीर पत्र तुम्हा सर्वांना आहे. पोच मागत नाही, उत्तर मागतो.

विजेवर चालणाऱ्या वाहनांची राजधानी म्हणून तुम्ही या शहराची जाहिरात करता. त्या वाहनांच्या मोटरींत बसणारे चुंबक येणार कुठून? आणि मोटर जळाली, गाडी भंगारात निघाली, की ते जाणार कुठे? या दोन प्रश्नांची लेखी, आकड्यांसह, सही-शिक्क्याची उत्तरे १७ सप्टेंबर २०२६ पर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांसमोर ठेवा. त्या दिवशी सिद्धार्थ उद्यानात मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे ध्वजवंदन होईल, मराठवाड्यासाठी काय काय येणार याच्या घोषणाही होतील. यंदा घोषणांच्या आधी हिशेब हवा.

तारीख उगाच निवडलेली नाही. चीनने ऑक्टोबर २०२५ मध्ये या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर आणखी कडक निर्बंध जाहीर केले आणि अमेरिकेशी बोलणी झाल्यावर ते वर्षभरासाठी बाजूला ठेवले. ती स्थगिती १० नोव्हेंबर २०२६ ला संपते. म्हणजे उत्तर द्यायची मुदत आणि पुढच्या संकटाची शक्यता, यांत दोन महिन्यांचेही अंतर नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्याकडे पाण्याच्या बाबतीत आहेच. ती कारखान्यांनाही लागू नये.

आधीचा धक्का विसरला असाल तर आठवण करून देतो. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. मोटरीतल्या चुंबकाचा मुख्य धातू निओडिमियम. तो या यादीत नव्हता. पण चुंबक तापले की त्याची ताकद गळते. ती टिकावी म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांच्या उन्हात, चार प्रवासी आणि त्यांच्या पिशव्या घेऊन, क्रांती चौकाच्या सिग्नलवर थांबत-सुटत धावणाऱ्या रिक्षाच्या मोटरीला ती चिमूट लागतेच. चिमूट अडली, चुंबक अडले, आणि चुंबक अडल्यावर अख्खी गाडी अडली. हे चुंबक लष्करी कामासाठी वापरणार नाही अशी हमीपत्रे लिहून, त्यावर आपल्या सरकारचे शिक्के घेऊन, भारतीय कंपन्या परवान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. जुलैमध्ये राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगून टाकले, की पुरवठा सुरळीत झाला नाही तर ऑगस्टमध्ये त्यांच्या विजेच्या वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते.

ज्या कंपनीने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना टाकला आणि ज्या कारखान्याभोवती बजाजनगर नावाची वस्ती उभी राहिली, त्या कंपनीचा प्रमुख हे बोलत होता. इतर कुठल्याही शहरात यावर महिनाभर चर्चा झाली असती. इथे दोन दिवस बातम्या आल्या, मग गणपती आले. पुढे पुरवठा थोडाफार सुरू झाला, काही कंपन्यांनी जड दुर्मिळ धातू न लागणाऱ्या चुंबकांकडे मोर्चा वळवला, आणि आपण सुटलो असे समजून सगळे कामाला लागले. सुटलेले कोणीच नाही. एप्रिलचे निर्बंध उठलेले नाहीत, आणि परवाना देणारा हात अजून त्याच देशाचा आहे.

आता तुमचेच आकडे तुमच्यासमोर मांडतो. एथर एनर्जीने जून २०२४ मध्ये बिडकीनला दोन हजार कोटींहून अधिक गुंतवणुकीचा कारखाना जाहीर केला. पूर्ण क्षमतेने तो वर्षाला दहा लाख स्कूटर बनवणार. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटींचा करार केला, वर्षाला चार लाख विजेच्या आणि हायब्रीड गाड्यांसाठी. जेएसडब्ल्यूच्या २७,२०० कोटींच्या प्रकल्पाची घोषणाही झालेली आहे. तो तूर्त सोडून देऊ, पहिले दोनच घेऊ. एका स्कूटरला अर्धा किलो चुंबक धरा, दहा लाख स्कूटरला ५०० टन होतात. एका मोटारगाडीला दीड किलो धरा, चार लाख गाड्यांना ६०० टन. एकट्या बिडकीनची भूक वर्षाला ११०० टनांची.

ती कोण भागवणार? केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ ला ७,२८० कोटींची चुंबक योजना मंजूर केली. देशभरात मिळून वर्षाला ६,००० टन चुंबक बनवायचे, जास्तीत जास्त पाच कंपन्यांनी, आणि कारखाने उभारायलाच पहिली दोन वर्षे. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी देशाच्या एकूण नियोजित उत्पादनातला जवळजवळ पाचवा हिस्सा आपल्या एका वसाहतीलाच लागेल, आणि चेन्नई, पुणे, होसूर, सानंद काही हात बांधून बसणार नाहीत. आज हातात काय आहे? सरकारी आयआरईएलचा विशाखापट्टणमचा चुंबक कारखाना मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. किलो म्हटले आहे, टन नाही. आणि तेही समेरियम-कोबाल्टचे चुंबक, संरक्षण आणि अणुऊर्जेच्या कामाचे. स्कूटरचे नव्हेच.

कच्च्या मालाचा आकडा ऐकून छाती फुगवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट भरपूर आहे, जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. पण तो मुख्यतः आंध्र, ओडिशा, तामिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यांवर. महाराष्ट्राच्या वाट्याला नगण्य, आणि मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात तर नाहीच. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम-टर्बियम काढण्याजोग्या प्रमाणात नाही, हे सरकारनेच वेळोवेळी सांगितले आहे. जी चिमूट २०२५ मध्ये अडली, ती चिमूट आपल्या वाळूत नाही. मग भाषणात साठ्याचा आकडा फेकून कोणाची समजूत घालता?

ही समजूत मालकाची घालायची गरज नाही. त्याच्याकडे इतर मॉडेल आहेत, पेट्रोलची रिक्षा आहे, बँक आहे. लाइन थांबली की फटका बसतो रांजणगाव शेणपुंजीच्या एका खोलीत चौघे मिळून राहणाऱ्या पोरांना. कायम कामगाराला ले-ऑफच्या काळात निम्म्या पगाराची कायद्यात तरतूद आहे. ठेकेदाराकडे सहा-सात महिन्यांच्या बोलीवर असलेल्या पोराला ती मिळवून द्यायला कोण जाणार? त्याला ‘उद्यापासून येऊ नको, बोलावलं की ये’ एवढेच कळते. त्याच्या मागे छोटे व्हेंडर आहेत. दोन प्रेस मशीन आणि एक लेथ घेऊन शेड चालवणारा, बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला भरणारा माणूस. तीन आठवडे ऑर्डर थांबली तर त्याचे वर्ष कोलमडते. कारखानदारांच्या संघटनांनी, सीएमआयए असो वा मसिआ, विजेचा दर आणि रस्त्यांचे खड्डे यांवर निवेदने दिली आहेत आणि ती रास्तही आहेत. चुंबकाबद्दल, थांबलेल्या दिवसांबद्दल आणि त्या दिवसांच्या पगाराबद्दल आपले सभासद काय करणार, हेही त्यांनी एकदा सांगावे. गप्प बसणे म्हणजे नुकसान ठेकेदारी पोरांच्या खिशातून वसूल करायला संमती देणे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेऊ.

आता दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून जास्त छळतो. आपल्याकडे खाण नाही हे खरे, पण चुंबक आपल्याकडे आहेत. रस्त्यावर धावत आहेत, गोदामात पडले आहेत, घराघरांत कपाटात आहेत. बंद पडलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत, काही स्पीकरमध्ये आहेत, जळालेल्या हब मोटरमध्ये आहेत. ज्या देशाला एका बिडकीनच्या ११०० टनांसाठीही परदेशी दारात उभे राहावे लागते, तिथे हे चुंबक जपून गोळा व्हायला हवेत. प्रत्यक्षात काय होते?

जुनी मोटर भंगारवाल्याकडे जाते. त्याला तांबे हवे असते, कारण तांब्याला भाव आहे. तो वाइंडिंग ओढून काढतो. रोटरला चिकटलेले चुंबक काढायला वेळ लागतो, ते फुटतात, बोट चेमटते, आणि काढून घेणारा कोणी नाही. मग रोटर लोखंडाच्या भावाने वजनावर जातो. लोखंडाच्या भंगाराचे मोठे गिऱ्हाईक इथून साठ किलोमीटरवर आहे: जालन्याच्या सळई बनवणाऱ्या भट्ट्या. वितळलेल्या पोलादात निओडिमियम टिकत नाही; ते ऑक्साइड होऊन मळीत निघून जाते. ज्या चुंबकासाठी दिल्ली बीजिंगकडे हमीपत्रे पाठवते, ते आपण जालन्यात मळी करून ढिगाऱ्यावर टाकतो. भंगारवाल्याचा यात दोष नाही, त्याला कोणी भावच सांगितला नाही.

आणि कायदा? इथे मात्र वाचकांनी जरा लक्ष द्यावे, कारण मोठी गफलत इथेच आहे. बॅटरीसाठी २०२२ चे नियम आहेत. त्यात परत मिळवायच्या धातूंचे टक्के ठरवून दिले आहेत, वर्षागणिक वाढणारे. ई-कचऱ्यासाठी २०२२ चेच दुसरे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यांत उत्पादकाला ई-कचऱ्याचा पुनर्वापर झाल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. पण ते प्रमाणपत्र चारच धातूंवर मिळते: सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम. आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम जानेवारी २०२५ मध्ये आले, १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यांत उत्पादकाची जबाबदारी मोजली जाते ती पोलादात. तीन कायदे, आणि तिन्हींच्या फटीतून चुंबक अलगद निसटते. त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही. मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची सवलत योजना मंजूर केली, हे चांगलेच झाले. पण बक्षीस जाहीर करून मोजणीच केली नाही, तर बक्षीस कोणाच्या घरी जाईल हे या राज्याला शिकवायची गरज नाही.

या टप्प्यावर कोणीतरी उत्साही गृहस्थ उठून म्हणतील: मग आणू या ना चुंबकाचा कारखाना बिडकीनला! पुनर्वापराचा प्रकल्प आणू, शुद्धीकरण आणू, रोजगार येईल. त्यांना माझे उत्तर सावधपणे ‘हो’ आहे, आणि त्या ‘हो’ला अटी आहेत. कारण हा धंदा काय करतो ते जगाने पाहिले आहे.

निओडिमियम हा काही सोन्यासारखा विरळ धातू नाही. पृथ्वीच्या कवचात तो जवळजवळ तांब्याइतका आहे. विरळ आहे तो त्याची घाण सोसायला तयार असलेला प्रदेश. एकमेकांना चिकटून असलेले हे पंधरा-सतरा धातू वेगळे करायला आम्ल आणि द्रावकांच्या टाक्यांची रांगच्या रांग लागते, आणि मोनाझाइटबरोबर थोरियम येतो, तो किरणोत्सारी. चीनच्या बाओतोऊ शहराबाहेर बायान ओबोच्या खाणीचा गाळ साठवणारे तळे आहे. काठावरच्या गावांची शेती त्याने खाल्ली, आणि तिथून पीत नदी फार दूर नाही. दक्षिणेतल्या गांझोऊ भागात डोंगरांच्या पोटात अमोनियम सल्फेटचे पाणी सोडून धातू झिरपवून काढले गेले. २०१२ मध्ये तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनीच सांगितले, की एकट्या गांझोऊची साफसफाई करायला ३८ अब्ज युआन लागतील. त्याच वर्षी चीन सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत लिहिले होते, की जगातल्या साठ्यापैकी २३ टक्के आमच्याकडे, आणि आम्ही जगाला ९० टक्क्यांहून अधिक माल पुरवतो. पुरवण्याची किंमत कोण मोजतो हे त्या पत्रिकेने लपवले नव्हते. पुढे चीनने आपल्याकडची खाणकामे आवरती घेतली आणि ती घाण सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन प्रांतात सरकली. तिथे ना जनसुनावणी आहे, ना प्रदूषण मंडळ. बंदूकधारी टोळ्या आहेत.

मलेशियात इपोह शहराजवळ बुकित मेराह नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकात एका जपानी कंपनीची भागीदारी असलेला दुर्मिळ मृदांचा कारखाना तिथे चालला. थोरियमचा गाळ बेफिकिरीने टाकला गेला, गावातल्या मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळला, लोक न्यायालयात गेले. १९९४ मध्ये कारखाना बंद झाला. साफसफाई त्यानंतर कित्येक वर्षे चालू होती. कारखाना चालला त्याहून जास्त काळ त्याचा गाळ उपसण्यात गेला.

आपण कोण मोठे वेगळे लागून गेलो आहोत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिसेंबर २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गेलेले ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरले. तेव्हाच्या औरंगाबादचा आकडा होता ७७.४४. राज्यात चंद्रपूर आणि डोंबिवलीच्या खालोखाल आपण, नवी मुंबईच्या वर. तेव्हा इथे ना चुंबक होते, ना लिथियम. होते ते रंग, औषधे, बिअर आणि प्लेटिंगचे कारखाने. वाळूज परिसरातल्या शेतकऱ्यांनी विहिरींच्या पाण्याबद्दल केलेल्या तक्रारींच्या फायली कुठल्या कपाटात आहेत, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला माहीत असेलच. खाम नदीचा काही भाग गेल्या काही वर्षांत नागरिकांनी, उद्योगांनी आणि पालिकेने मिळून स्वच्छ केला. त्या कामाचे कौतुक बाहेरही झाले. ते कौतुक मीही करतो. पण सौंदर्यीकरण केलेल्या काठावर फोटो काढायचे आणि खाली कुठला निकेल, कुठले बोरॉन, कुठले आम्ल पाणी मिसळते ते मोजायचे नाही, असे चालणार नाही. खाम पुढे गोदावरीकडे जाते. बिडकीन पैठण तालुक्यात आहे, आणि नाथसागर तिथून हाकेच्या अंतरावर नसला तरी फार लांबही नाही. १९७६ पासून ज्या जलाशयावर या शहराचे आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाचे पाणी अवलंबून आहे, त्याच्या अंगाला आपण देशातले सर्वांत महत्त्वाकांक्षी औद्योगिक शहर वसवत आहोत. आठवडा-आठवडा नळाची वाट पाहणाऱ्या शहराला पाणी आले आणि त्यात हे असले, तर भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची पाळी येईल.

आणि याच वेळी आवाज काढायची जागाही आक्रसत चालली आहे. पर्यावरण मंत्रालयाने ८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अणुखनिजे आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी हे नीट वाचावे. आपल्याकडे खाण येणार नाही, पण जनसुनावणी आपल्याकडेही टळतेच, वेगळ्या वाटेने: पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत जो कारखाना येतो, त्याला जनसुनावणी घ्यावी लागत नाही. म्हणजे उद्या बिडकीनमध्ये चुंबक आम्लात विरघळवणारा प्रकल्प आला, तर बिडकीन, चितेगाव, पैठणच्या माणसाला तो कळेल उद्‌घाटनाच्या फलकावरून.

म्हणून पुढचे सगळे विनंती समजू नका.

या शहराच्या हद्दीत विजेचे वाहन किंवा त्याची मोटर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने जाहीर करावे: गेल्या आर्थिक वर्षात किती किलो चुंबक विकत घेतले, कुठल्या देशातून, साठा किती दिवसांचा, आणि जळालेल्या मोटरी ग्राहकाकडून परत कशा घेणार. व्यापारी गुपित म्हणून सांगणार नाही म्हणाल, तर नाव मागे ठेवा, पण एकूण आकडा औद्योगिक संघटनेमार्फत द्या. वॉरंटीत बदललेली प्रत्येक मोटर परत कंपनीकडेच येते. ती पुढे कोणाला विकता, एवढे तरी सांगता येईलच. लाइन थांबली तर ठेकेदारी कामगाराला त्या दिवसांचे निम्मे वेतन मिळेल, असे ठेकेदाराच्या करारात लिहा. कायद्याने बांधील नसलात तरी. बजाजनगरचे किराणा दुकानदार तुमचे आभार मानतील, आम्हीही मानू.

मंडळाने या जिल्ह्यातल्या नोंदणीकृत ई-कचरा आणि वाहन-भंगार केंद्रांची यादी, त्यांची क्षमता आणि प्रत्यक्ष आलेला माल, मराठीत, आपल्या फलकावर आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावा. जिथे कुठे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात तिथे भंगारवाल्यावर खटले भरत बसण्यापेक्षा त्याला नोंदणीत आणा, चुंबकाचा भाव ठरवून द्या; तो माल स्वतःहून आणून देईल. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे. रोटरमधून चुंबक अखंड काढायचे साधन या शहरात बनू शकत नसेल, तर एवढी वर्षे डाय आणि जिग बनवणारे हात काय करत होते, असा प्रश्न पडतो. जगात हायड्रोजन वापरून जुन्या चुंबकाची भुकटी करण्याची रीत पुढे आली आहे. त्यात आम्लाच्या टाक्या फारशा लागत नाहीत. बिडकीनला काही यायचे असेल तर अशी रीत यावी. आम्लाची आली, तर तिच्या बाहेर एक थेंबही सांडपाणी जाणार नाही याची अट, पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला जाहीर करण्याची अट, आणि कायद्याने सूट असली तरी पैठण तालुक्यात खुली जनसुनावणी. ऑरिकने भूखंड देतानाच ही अट करारात घालावी. भूखंड देणाऱ्याचा शब्द चालतो. भूखंड दिल्यावर कोणाचाच चालत नाही.

मुदत देण्याला या शहरात किंमत नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने नारेगाव आठवावे. तिथल्या कचरा डेपोची दुर्गंधी गावकऱ्यांनी तीस-पस्तीस वर्षे सोसली, निवेदने दिली, प्रशासनाने मुदतीवर मुदत मागून घेतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहराच्या प्रत्येक चौकात कचऱ्याचे ढीग साचले, मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. त्या वेळीही प्रशासनाला वाटत होते, की गावकरी काय करणार? सुक्या-ओल्या कचऱ्याचा प्रश्न चिघळला तर नाक दाबून काही महिने काढता येतात. जमिनीखालच्या पाण्यात उतरलेल्या धातूला नाक दाबून भागत नाही.

१८ सप्टेंबरला, कामाच्या पहिल्या तासाला, माहिती अधिकाराचे अर्ज मंडळाच्या, एमआयडीसीच्या आणि महापालिकेच्या खिडकीवर दाखल होतील. अर्ज तयार आहेत. ज्यांनी उत्तर दिले नाही त्या कार्यालयांची आणि कंपन्यांची नावे छापली जातील. माहिती अधिकाराचे तीस दिवस संपले आणि उत्तर आले नाही, किंवा ‘माहिती संकलित केलेली नाही’ असे आले, तर तेच उत्तर जोडून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे अर्ज होईल. मोजलेच नाही ही सबब तिथे चालत नाही. कामगारांच्या वेतनाचा भाग कामगार आयुक्तांकडे स्वतंत्र जाईल.

उत्तर देणाऱ्यांना एकच सूचना. आकडे किलोत द्या, टनात नको. आणि ‘प्रक्रिया सुरू आहे’, ‘लवकरच’, ‘संबंधित विभागाला कळवले आहे’ ही तीन वाक्ये असलेले पत्र उत्तर म्हणून धरले जाणार नाही.